मधुमेह, दाह आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या: आकडा उतरला, पुढे काय?

२००० साली व्हिटॅमिन ईबद्दल दोन निकाल छापून आले. एका छोट्या अभ्यासात टाईप २ मधुमेह असलेल्यांना आणि काही निरोगी माणसांना तीन महिने रोज १२०० युनिट ई दिलं होतं. त्यांच्या रक्तातला सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह मोजायचा नेहमीचा आकडा, खाली आला. दुसरा 'होप' नावाचा मोठा अभ्यास. त्यात हृदयविकाराचा धोका असलेली ९,५४१ माणसं होती आणि त्यांतली साडेतीन हजारांवर मधुमेही होती. निम्म्यांना रोज ४०० युनिट ई, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, असं सरासरी साडेचार वर्षं चाललं. शेवटी किती जणांना हार्ट अटॅक आला, किती जणांना पक्षाघात झाला, किती जण हृदयविकाराने गेले, याची मोजदाद केली तेव्हा दोन्ही गट सारखेच निघाले.

मात्रा वेगळी होती, कालावधी वेगळा होता, हे खरं. पण मुख्य फरक काय मोजलं त्यात आहे. पहिल्यांनी रक्तातला आकडा मोजला, दुसऱ्यांनी माणसाचं काय झालं ते मोजलं. 'मधुमेहात दाह असतो, अमुक जीवनसत्त्वाने दाह कमी होतो, म्हणून मधुमेह्याने ते घ्यावं' हे वाक्य आपण सतत ऐकतो. त्याचे पहिले दोन तुकडे बऱ्याच वेळा बरोबर असतात. गडबड 'म्हणून' या शब्दात आहे.

दाह म्हटलं की पोटातली जळजळ डोळ्यांसमोर येते. इथे तो अर्थ नाही. बोटात काटा मोडला की बोट लाल होतं, गरम लागतं, सुजतं, ठणकतं. पांढऱ्या पेशी तिथे धावून आलेल्या असतात आणि ही सगळी त्यांच्या कामाची लक्षणं. काटा निघाला की चार दिवसांत बोट पूर्ववत. मधुमेहातला दाह अशा जातीचा नाही. तो कुठे लाल दिसत नाही की ठणकत नाही. मंद आचेवर वर्षानुवर्षं चालू असतो आणि रक्त तपासल्याशिवाय त्याचा पत्ताही लागत नाही.

तो येतो कुठून, हे पाहायचं तर पोटातल्या चरबीचा एक बारीक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा. चरबीची पेशी म्हणजे तेलाचा एक मोठा थेंब आणि भोवती पातळ पापुद्रा. वजन वाढत जातं तशा या पेशी फुगतात. फार फुगल्या की त्यांना ऑक्सिजन पुरत नाही, आणि काही मरतात. मेलेली पेशी साफ करायला मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी येतात. पण तो तेलाचा थेंब त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठा असतो, एकटीच्या घशाखाली उतरत नाही. मग त्या सगळ्या त्याच्याभोवती कडं करून बसतात. सूक्ष्मदर्शकात ते चित्र मुकुटासारखं दिसतं आणि शास्त्रज्ञ त्याला तेच नाव देतात. लठ्ठ माणसाच्या चरबीत असे मुकुट जागोजागी सापडतात. तिथे बसलेल्या पेशी टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ अशी रसायनं सोडत राहतात. मदतीला आणखी पेशी बोलावायची ही त्यांची हाकाटी, आणि काम संपत नसल्यामुळे हाकाटीही थांबत नाही.

या हाकाटीचा साखरेशी काय संबंध? इन्सुलिन पेशीच्या दाराशी येऊन निरोप देतं की रक्तात साखर आहे, आत घ्या. दारापासून आतपर्यंत तो निरोप हातोहात पोचवणारी प्रथिनं असतात. टीएनएफ-अल्फामुळे पेशीत जी साखळी सुरू होते, ती या निरोप्यांपैकी एकावर चुकीच्या जागी फॉस्फेटची खूण चिकटवते, आणि निरोप वाटेतच अडतो. दारावर इन्सुलिन आहे, पण पेशी त्याला दाद देत नाही. १९९३ साली लठ्ठ प्रयोगप्राण्यांत टीएनएफ-अल्फा निकामी करून पाहिला, तेव्हा त्यांच्या पेशी इन्सुलिनला पुन्हा बऱ्यापैकी दाद देऊ लागल्या. तिथून हा विषय खऱ्या अर्थाने पुढे सरकला.

उलट दिशेनेही हेच घडतं. रक्तातली साखर चढी राहिली की ती स्वतःच दाह वाढवते. म्हणजे दाहामुळे साखर आणि साखरेमुळे दाह. टाईप १ मध्ये सुरुवात निराळी असते. तिथे शरीराची संरक्षक फौज स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरच उलटते. पुढे लिहिलेलं बरंचसं टाईप २ बद्दल आहे.

आता सीआरपी. इंटरल्यूकिन-६ ची हाक यकृतापर्यंत पोचली की यकृत सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन नावाचं प्रथिन रक्तात सोडतं. १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते पहिल्यांदा सापडलं. मंद दाहासाठी त्याची जास्त बारकाईने मोजणारी तपासणी करतात, तिला एचएस-सीआरपी म्हणतात. लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर हृदयविकाराचा धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त, अशी ढोबळ विभागणी आहे. २००१ साली स्त्रियांच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की ज्यांचा सीआरपी आधीपासून चढा होता, त्यांना पुढच्या काही वर्षांत टाईप २ मधुमेह होण्याचं प्रमाण बरंच जास्त होतं. तेव्हापासून या आकड्याला भलताच मान मिळाला.

मान मिळाला तरी आकडा चंचल आहे. समजा सर्दी-खोकल्यातून उठल्यावर चार दिवसांनी तपासणी केली आणि सीआरपी ८ आला. घाबरून कुठल्यातरी जीवनसत्त्वाचा महिन्याचा कोर्स केला. पुन्हा तपासलं तर २. गोळी लागू पडली असं वाटणं साहजिक आहे. पण सीआरपीचं रक्तातलं आयुष्य मोजून तासांत असतं, साधारण १९ तासांत तो निम्मा होतो. यकृताने नवा बनवायचं कमी केलं की तो आपोआप उतरतो. सर्दी गेली, आकडा गेला. गोळीच्या जागी काहीही घेतलं असतं तरी २ च आला असता. म्हणून १० च्या वरचा आकडा आला तर आधी कुठे संसर्ग आहे का ते बघतात, आणि धोका ठरवायचा असेल तर किमान दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी काढतात. एका रिपोर्टवर गोळी सुरू करणं आणि दुसऱ्या रिपोर्टवर तिचं कौतुक करणं, दोन्ही घाईचं. मोठ्या अभ्यासांत बिनऔषधाच्या गोळीचा गट ठेवतात तो याचसाठी. सर्दी त्या गटातही जातेच.

बरं, दाह खरोखर कमी केला तर मधुमेह सुधारतो का? हा प्रश्न जीवनसत्त्वांपेक्षा जुना आहे. १८७६ साली विल्हेल्म एब्स्टाईन या जर्मन डॉक्टरने मधुमेह्यांना सोडियम सॅलिसिलेट दिलं, म्हणजे अ‍ॅस्पिरिनच्या घराण्यातलं औषध, आणि लघवीतली साखर कमी झाल्याची नोंद केली. त्याच घराण्यातलं सॅलसालेट हे औषध २०१३ सालच्या एका चाचणीत ४८ आठवडे देऊन पाहिलं. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी, ०.३७ टक्क्याने उतरलं. खोटं नाही, पण डोळे दिपावेत असंही नाही. २०१७ सालच्या 'कँटोस' चाचणीत दाहाचा एक विशिष्ट धागा तोडणारं इंजेक्शन दहा हजारांवर हृदयरुग्णांत तपासलं. सीआरपी उतरला, हृदयाचे झटके कमी झाले, पण नव्याने मधुमेह होणाऱ्यांचं प्रमाण काही घटलं नाही. २००८ सालच्या 'ज्युपिटर' चाचणीत तर गंमतच झाली. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळीने सीआरपी ३७ टक्क्यांनी खाली आला, हार्ट अटॅक चांगलेच कमी झाले, आणि मधुमेहाचं नवं निदान मात्र गोळीवाल्या गटात थोडं जास्तच झालं. (म्हणून स्टॅटिन बंद करू नये. मधुमेह्याच्या हृदयाला तिचा फायदा कितीतरी मोठा आहे.) एवढी जोरकस औषधंही सीआरपी, साखर आणि हृदय एका दोरीने ओढत नाहीत. जीवनसत्त्वांकडून त्याहून जास्त अपेक्षा ठेवताना हे लक्षात असावं.

व्हिटॅमिन डी ची गोष्ट सगळ्यात बोलकी आहे. ज्यांच्या रक्तात डी कमी, त्यांच्यात दाह जास्त आणि मधुमेहही जास्त, हे अनेक अभ्यासांत दिसलं. साधा अर्थ असा निघतो की डी कमी पडलं म्हणून दाह वाढला. पण उलट का नसेल? गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरलेल्या रुग्णांचं रक्त आधी आणि नंतर तपासलं, तेव्हा शस्त्रक्रियेनंतर सीआरपी झपाट्याने वर गेला आणि डी तितक्याच झपाट्याने खाली आलं. एक-दोन दिवसांत कुणाच्या आहारात किंवा उन्हात एवढा फरक पडत नाही. दाहानेच डी चा आकडा पाडला होता. शिवाय डी चरबीत विरघळणारं. अंगावर चरबी जास्त असेल तर ते तिथे पसरतं आणि रक्तातलं प्रमाण कमी दिसतं. चरबी जास्त म्हणजे मुकुटही जास्त. त्यामुळे कमी डी, जास्त दाह आणि मधुमेह हे तिघे एकत्र दिसले तरी कोण कुणाचा बाप, हे नुसतं पाहून ठरत नाही.

ठरवायचा मार्ग एकच, गोळी देऊन पाहणं. 'डीटूडी' चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २,४२३ जणांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी केली. एका गटाला रोज ४००० युनिट डी, दुसऱ्याला बिनऔषधाची गोळी, साधारण अडीच वर्षं. निकाल २०१९ साली आला. डी घेणाऱ्यांपैकी २४.२ टक्के लोकांना मधुमेह झाला, न घेणाऱ्यांपैकी २६.७ टक्के. फरक आहे, पण एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. वर्तमानपत्रांनी 'डी चा उपयोग नाही' असं छापलं आणि विषय मिटला.

मला तो मथळा पटला नाही. कारण या चाचणीतल्या बहुतेकांना डी ची कमतरता मुळात नव्हतीच. चारात तिघांहून जास्त जणांची पातळी मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या वर होती. पोट भरलेल्याला जेवण वाढून भूक भागते का ते मोजल्यासारखं झालं हे. ज्या थोड्या लोकांची पातळी १२ च्याही खाली होती त्यांच्यात गोळीचा फायदा चांगला दिसला. पण ती माणसं शंभरच्या आसपास, आणि असा उपगट मागाहून काढून त्यावर ठाम विधान करायचं नसतं. २०२३ साली अशा तीन चाचण्या एकत्र करून हिशोब मांडला, तेव्हा मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्यांत डी मुळे धोका १५ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. ऐकायला मोठं वाटतं, पण तीन वर्षांत शंभरात साधारण तीन माणसांचा मधुमेह टळला किंवा पुढे गेला, एवढाच त्याचा अर्थ. तरी गोळी स्वस्त आणि सौम्य असेल तर तीन माणसंही काही कमी नाहीत. २०२४ साली अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने मधुमेहाचा धोका बराच असलेल्या, उंबरठ्यावरच्या प्रौढांना डी द्यावं असं सुचवलं, ते याच आधारावर. सोबत आहार आणि व्यायाम सोडू नये, हेही सांगितलंच.

मधुमेह आधीच झालेल्यांत डी देऊन दाह मोजणाऱ्या लहान लहान चाचण्या भरपूर आहेत. एकत्र पाहिल्या तर सीआरपी थोडा उतरतो असं दिसतं. उतरण थोडी आहे, आणि त्याने किती किडन्या किंवा किती डोळे वाचले, हे मोजण्याएवढ्या त्या चाचण्या लांबीने आणि आकाराने मोठ्या नाहीत. आनुवंशिक माहितीवरून काढलेला अंदाज असं सुचवतो की डी ची खरीखुरी कमतरता असते तिथेच त्याचा दाहाशी कारण म्हणून संबंध असतो. पातळी पुरेशी झाली की पुढे कितीही वाढवा, सीआरपी जागचा हलत नाही.

म्हणून पातळी तपासून कमी असेल तर भरून काढावी, हाडांसाठी तरी नक्कीच. पण 'जास्त ते चांगलं' इथे लागू नाही. डी शरीरात साठतं. आठवड्याला एक घ्यायची मोठ्या मात्रेची गोळी चुकून रोज घेतली जाते, आणि काही आठवड्यांनी मळमळ, तहान, बद्धकोष्ठता, रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं आणि किडनीवर ताण, अशी माणसं दवाखान्यात येतात. तहान आणि वारंवार लघवी ही मधुमेहाचीही लक्षणं असल्यामुळे घरच्यांना वाटतं साखर वाढली असेल.

व्हिटॅमिन सी आणि साखर ही तर भावंडंच. बहुतेक प्राणी सी शरीरातच बनवतात, आणि बनवतात तेही ग्लुकोजपासून. माणसात त्यातल्या शेवटच्या पायरीचं जनुक फार पूर्वी निकामी झालं, म्हणून आपल्याला ते बाहेरून घ्यावं लागतं. सी चं एक रूप पेशीत शिरताना ग्लुकोजचाच दरवाजा वापरतं. रक्तात साखरेची गर्दी असेल तर दरवाजावर चेंगराचेंगरी होते. मधुमेह्यांच्या रक्तात सी कमी आढळतं त्याची थोडी कारणं इथे आहेत, थोडी किडनीतून वाहून जाण्यात. निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या माणसांच्या एका चाचणीत ज्यांचा सीआरपी आधीच चढा होता त्यांच्यात रोज १००० मिलिग्रॅम सी ने तो दोन महिन्यांत उतरला. ज्यांचा चढा नव्हता त्यांच्यात काही झालं नाही. पुन्हा तोच धडा.

साखरेशी असलेल्या या नात्याचा एक व्यावहारिक त्रास आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. बोटाला टोचून साखर मोजायची काही यंत्रं आणि दंडावर लावायचे काही सेन्सर जास्त मात्रेतल्या सी ला साखर समजतात. प्रत्यक्षात साखर ११० असताना यंत्र १५० दाखवू शकतं. इन्सुलिन घेणाऱ्याने त्या आकड्यावर विसंबून जादा युनिट घेतले, तर खरी साखर धोकादायकपणे खाली जाईल. शिरेतून सी चे मोठे डोस घेतलेल्यांत हा घोटाळा सगळ्यात मोठा होतो. सी च्या मोठ्या गोळ्या घेत असाल तर आपल्या सेन्सरची माहितीपत्रिका एकदा उघडून त्यात मर्यादा किती दिली आहे ते वाचावं. एरवी ती पत्रिका घडीसुद्धा न मोडता कचऱ्यात जाते.

दाहविरोधी, अँटिऑक्सिडंट (म्हणजे पेशीतलं ऑक्सिडेशन रोखणारं) म्हणून सी आणि ई जोडीने घेणाऱ्यांसाठी २००९ सालचा एक प्रयोग महत्त्वाचा आहे. निरोगी तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. निम्म्यांना सोबत १००० मिलिग्रॅम सी आणि ४०० युनिट ई. नुसता व्यायाम करणाऱ्यांच्या पेशी इन्सुलिनला जास्त दाद देऊ लागल्या. गोळ्या घेणाऱ्यांच्या लागल्या नाहीत. व्यायामाने स्नायूत जो थोडा ऑक्सिडेशनचा ताण येतो, तोच स्नायूला 'तयारीला लाग' असा इशारा असतो. गोळ्यांनी तो इशारा पुसून टाकला. घाम गाळायचा आणि वरून त्याचा फायदा पुसणारी गोळी घ्यायची, असा हा कारभार. अभ्यास लहान होता आणि निरोगी तरुणांवरचा होता, पण व्यायाम हे मधुमेह्याचं मुख्य औषध असल्यामुळे मी तो विसरू शकत नाही.

ई कडे परत येऊ. 'होप'मधल्याच माणसांना पुढे आणखी काही वर्षं पाहिलं, एकूण सात वर्षं. हृदयाला फायदा नाहीच, उलट ई घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअर थोडं जास्त निघालं. पुरुषांवरच्या 'सिलेक्ट' या वेगळ्या चाचणीत रोज ४०० युनिट ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त आढळला, तो निकाल २०११ चा. या सगळ्यात एक कोपरा मात्र उघडा आहे. हॅप्टोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचे लोकांत वेगवेगळे प्रकार असतात. इस्रायलमधल्या एका चाचणीत २-२ हा प्रकार असलेल्या मधुमेह्यांना ई दिलं, तेव्हा त्यांच्यात हृदयाचे झटके कमी झाले. म्हणजे काहींना ई लाभत असेल. पण ते कोण, हे तपासण्याची सोय रोजच्या दवाखान्यात नाही, आणि तोवर सरसकट सगळ्यांना देणं म्हणजे अंधारात तीर.

बी गटाबद्दल लोक निर्धास्त असतात. पाण्यात विरघळतं, जास्त झालं तर लघवीतून जातं, असं म्हणतात. कॅनडातल्या 'डिव्हाईन' चाचणीचा २०१० सालचा निकाल त्यांनी वाचायला हवा. होमोसिस्टीन हा रक्तातला आणखी एक आकडा. तो चढा असेल तर रक्तवाहिन्यांचा धोका जास्त. फॉलिक अ‍ॅसिड, बी-६ आणि बी-१२ ने तो उतरतो. मधुमेहामुळे किडनीवर परिणाम झालेल्या २३८ जणांना या तिन्हींचे मोठे डोस किंवा बिनऔषधाची गोळी दिली. होमोसिस्टीन उतरलं, अगदी अपेक्षेप्रमाणे. आणि गोळ्या घेणाऱ्यांची किडनी जास्त वेगाने खालावली. तीन वर्षांत गाळण्याची क्षमता त्यांच्यात मिनिटाला १६.५ मिलिलिटरने घटली, दुसऱ्या गटात १०.७ ने. हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारख्या घटना दुपटीने जास्त. किडनी अधू असली की 'जास्तीचं लघवीतून जातं' हा हिशोबच चुकतो. आकडा सुधारत होता आणि माणूस बिघडत होता, याहून स्पष्ट उदाहरण मला दुसरं माहीत नाही. तेव्हा क्रिएटिनीन, म्हणजे किडनी मंदावली की रक्तात चढणारा आकडा, वाढलेलं असेल तर 'नुसत्या बी कॉम्प्लेक्सने काय होतंय' असं म्हणून मोठ्या मात्रेची गोळी घरी सुरू करू नये. बी-६ चं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे ते जास्त दिवस जास्त मात्रेत घेतलं की त्यानेच पायांना मुंग्या येतात. पायांच्या मुंग्यांसाठी घेतलेली गोळी मुंग्याच वाढवते.

थायमिनची, म्हणजे बी-१ ची गोष्ट अर्धवट राहिलेली आहे. २००७ साली ब्रिटनमधल्या संशोधकांना दिसलं की मधुमेह्यांच्या रक्तातलं थायमिन निरोगी लोकांच्या तुलनेत जवळपास तीन चतुर्थांशांनी कमी आहे. किडनी ते वाहून घालवत होती. लाल पेशींवर केली जाणारी नेहमीची तपासणी मात्र ठीक यायची, त्यामुळे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पुढे ४० रुग्णांना तीन महिने रोज ३०० मिलिग्रॅम थायमिन दिलं, तर लघवीतलं प्रथिन कमी झालं. उत्साह वाढला. मग थायमिनचंच चरबीत विरघळणारं भावंड, बेनफोटियामिन, नेदरलँड्समध्ये १२ आठवडे देऊन पाहिलं, तर लघवीतलं प्रथिन जसंच्या तसं. कल्पना चांगली आहे, पुरावा अजून पोरवयात आहे.

नायसिन, म्हणजे बी-३, मोठ्या मात्रेत साखर वाढवतं, मधुमेह्याने ते स्वतःच्या मनाने घेऊच नये. बीटा कॅरोटिनच्या गोळ्यांनी धूम्रपान करणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर वाढला होता. आणि केसांसाठीच्या गोळ्यांतलं बायोटिन थायरॉइड व हृदयाच्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकवतं, तेव्हा तपासणीआधी सांगावं.

मग कामाची गोळी कुठली? माझ्या मते एक आहे आणि तिचा दाहाशी फारसा संबंध नाही. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी होतं. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बी-१२ शोषलं जाताना कॅल्शियम लागतं आणि मेटफॉर्मिन तिथेच अडथळा आणतं, असं मानतात. चार वर्षांहून जास्त चाललेल्या एका चाचणीत मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची बी-१२ ची पातळी १९ टक्क्यांनी घटली. यकृतात या जीवनसत्त्वाचा काही वर्षं पुरेल एवढा साठा असतो, म्हणून पहिली दोन-तीन वर्षं काहीच जाणवत नाही. मग तळव्यांना मुंग्या, चप्पल पायातून निसटल्याचं न कळणं, जीभ लाल होऊन चरचरणं, चालताना तोल जाणं. रक्तक्षय दिसायच्या आधीच नसा बिघडलेल्या असू शकतात. मुंग्या म्हटल्यावर डॉक्टर आणि रुग्ण दोघंही 'मधुमेहाची न्यूरोपथी', म्हणजे मधुमेहाने नसा बिघडल्या, म्हणून पुढे जातात, कारण ती असतेच की बऱ्याच जणांना. एक साधी रक्ततपासणी राहून जाते. मधुमेहाने बिघडलेली नस परत आणणं अवघड, पण बी-१२ अभावी बिघडलेली वेळेत सापडली तर बरीचशी सुधारते. उशीर झाला तर तीही नाही.

ही तपासणी करून घेताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आधीपासून नुसतं फॉलिक अ‍ॅसिड चालू असेल तर रक्तक्षय झाकला जातो आणि नसांचं नुकसान आतून चालूच राहतं. आणि बी-१२ कमी असताना एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं. नव्या लाल पेशी कमी बनतात, जुन्या जास्त दिवस फिरत राहतात आणि तेवढीच जास्त साखर त्यांना चिकटते. बी-१२ सुरू केल्यावर ताज्या पेशींचा लोंढा येतो आणि एचबीएवनसी उतरतं. तेव्हा साखर सुधारली असं समजून औषध कमी करायची घाई करू नये, घरच्या यंत्रावरच्या रोजच्या नोंदी सोबत ठेवून बोलावं. बी-१२ साठी इंजेक्शनच लागतं असंही नाही. रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळी घेतली तर त्यातला साधारण एक टक्का नेहमीच्या वाटेशिवायही आत झिरपतो आणि तेवढा पुरतो.

दाहच कमी करायचा असेल तर एक जागा अशी आहे जिथे कुणी बघत नाही, ती म्हणजे हिरड्या. ब्रश करताना रोज थोडं रक्त येतं आणि आपण थुंकून मोकळे होतो. सुजलेल्या हिरड्यांचा सगळ्या दातांभोवतीचा पृष्ठभाग एकत्र केला तर ती चांगली मोठी उघडी जखम असते, आणि तिच्यातून जंतू आणि दाहाची रसायनं दिवसरात्र रक्तात जात असतात. दंतवैद्याकडून हिरड्यांखालची खोल सफाई करून घेतलेल्या मधुमेह्यांचं एचबीएवनसी तीन-चार महिन्यांनी सरासरी ०.४ टक्क्याच्या आसपास उतरल्याचं अनेक चाचण्यांच्या एकत्रित हिशोबात दिसलं आहे. ४८ आठवड्यांच्या सॅलसालेटने जेवढं उतरलं, जवळपास तेवढंच.